दोष मौजेचा नव्हता



गेले बरेच भाग आपण लढायांबद्दल बोलतोय. नकाशा, बाण, तारखा, कोण कुठून आलं आणि कुठे अडकलं. मागच्या महिन्यात इंदूरच्या एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "कर्नलसाहेब, तुमचे भाग आम्ही घरात सगळे बघतो, पण तुम्हाला लढाईशिवाय जगात दुसरं काही दिसतच नाही का?" प्रश्न बरोबर होता. म्हणून आज एका सिनेमाबद्दल बोलतो. सिनेमा फ्रेंच आहे, १९५२ सालचा आहे, प्रेमाबद्दल आहे आणि त्यात एकही गोळी सुटत नाही. तरीही शेवटी मी लढाईवरच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आणि त्याच्याही शेवटी माझा स्वतःचा एक जुना हिशेब आहे, तो मांडणार आहे.

सिनेमाचं नाव 'ल प्लेझीर'. याला मराठीत काय म्हणावं, यावर मी बराच विचार केला. सुख म्हटलं तर ते फार शांत वाटतं. आनंद म्हटलं की आपण थेट अध्यात्माकडे वळतो. चैन म्हटलं की त्यात नापसंती येते, विलास म्हटलं की दरबार डोळ्यांसमोर येतो. मला 'मौज' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. मौज थोडा वेळ टिकते, ती करावी लागते, आणि तिचं बिल नंतर येतं.

दिग्दर्शक माक्स ओफ्युल्स. कथा गी द मोपासाँ यांच्या. मोपासाँ तुम्हाला माहीत आहेत. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात ती हाराची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. उसना आणलेला हार हरवतो, तो भरून देण्यात नवराबायकोची दहा वर्षं जातात आणि शेवटी कळतं की हार खोटा होता. तेच हे लेखक. त्यांच्या सुमारे तीनशे कथांपैकी तीन कथा या सिनेमात आहेत. सुरुवातीला पडदा काळाकुट्ट असतो आणि अंधारात मोपासाँचा म्हणून एक आवाज आपल्याशी बोलू लागतो, जणू ते शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आहेत.

पहिली कथा 'मुखवटा'. पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशी एक नाचघर आहे. तिथे मुखवटा घातलेला एक तरणाबांड रसिक बेभान नाचतो आणि नाचता नाचता कोसळतो. डॉक्टर मुखवटा कापतो, तर आत म्हातारा. डॉक्टर त्याला घरी पोचवतो. तिथे त्याची म्हातारी बायको जागी असते. हा एके काळचा नामांकित केशकर्तनकार, बायका त्याच्यामागे वेड्या होत्या. ते दिवस गेले हे त्याला मान्य नाही, म्हणून तो मुखवटा घालून नाचायला जातो. ही बाई रात्री त्याची वाट बघते, आणि सकाळी त्याचं अंग चोळून देते.

दुसरी आणि सर्वांत मोठी कथा 'मादाम तेलिएचं घर'. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या एका गावात वेश्यागृह आहे. गावातले प्रतिष्ठित लोक रोज संध्याकाळी तिथे नेमाने जातात, जसे आपल्याकडे क्लबात जातात. एका शनिवारी घर बंद. दारावर पाटी आहे. मालकिणीच्या भाचीचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला संस्कार, आहे आणि मालकीण आपल्या सगळ्या बायकांना घेऊन गाडीने भावाच्या खेड्यात गेली आहे.

तिसरी कथा 'मॉडेल'. एक चित्रकार, त्याची मॉडेल, आधी प्रेम, मग भांडणं. तो सोडून जातो. ती म्हणते, मी खिडकीतून उडी मारीन. तो म्हणतो, मार. ती मारते. दोन्ही पाय मोडतात. तो तिच्याशी लग्न करतो, आणि शेवटच्या दृश्यात समुद्रकिनाऱ्यावर तिची चाकाची खुर्ची ढकलत चाललेला दिसतो.

आता इतिहासाकडे येऊ.

मोपासाँ १८५० साली नॉर्मंडीत जन्मले. १९ जुलै १८७० ला फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. सैन्यात भरती झाले आणि रसद खात्यात लागले. फौज कशी हरते हे ज्याला बघायचं आहे त्याने रसद खात्यातून बघावं, कारण माघारीची खबर आधी तिथे पोचते. २ सप्टेंबरला सेदाँ इथे सम्राट तिसरा नेपोलियन सुमारे एक लाख सैन्यासह शरण गेला. ५ डिसेंबरला प्रशियन फौजा रुआँ शहरात शिरल्या. मोपासाँ स्वतः त्या पळापळीत होते. पुढे १८८० साली त्यांना रातोरात नाव मिळवून देणारी जी कथा आली, 'बूल द स्वीफ', ती याच रुआँमधून बाहेर पडणाऱ्या घोडागाडीची आहे. त्या गाडीत सगळ्यांत ताठ कण्याची निघते ती एक वेश्या, आणि बाकी प्रतिष्ठित मंडळी तिला शत्रूच्या अधिकाऱ्याकडे ढकलतात. 'मादाम तेलिएचं घर' ही कथा त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये आली.

मधल्या काळात फ्रान्समध्ये काय चाललं होतं? अलसास आणि लोरेनचा काही भाग गेला होता. पाच अब्ज फ्रँकची खंडणी भरायची होती. आणि एक प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता, आपण हरलो का?

लष्करी उत्तर फार अवघड नव्हतं. प्रशियाकडे जनरल स्टाफ होता, त्यांनी रेल्वेने सैन्य भराभर सीमेवर आणलं, आणि त्यांच्या क्रुपच्या पोलादी तोफा फ्रेंच तोफांपेक्षा सरस होत्या. फ्रेंच शिपायाची शास्पो बंदूक तर प्रशियन बंदुकीपेक्षा चांगली होती, म्हणजे शिपाई कमी पडला नव्हता. पण हे उत्तर वरच्या लोकांना सोयीचं नव्हतं. दुसरं उत्तर पुढे आलं. देश पापी झाला होता, साम्राज्याच्या काळात लोक चैनीत बुडाले होते, म्हणून देवाने शिक्षा केली. १८७३ साली मार्शल मॅकमाहोन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या राजवटीने स्वतःच्या कारभाराला नाव दिलं 'नैतिक व्यवस्था'. हे मॅकमाहोन कोण? सेदाँला जी फौज कोंडली गेली, तिचे सेनापती. लढाईच्या दिवशी सकाळीच ते जखमी झाले हे खरं, पण फौज त्या खळग्यात नेली ती त्यांच्याच हुकमतीखाली.

त्याच १८७३ साली माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर हे चर्च बांधायला संसदेने मंजुरी दिली. पांढरं शुभ्र, आज पॅरिसला जाणारा प्रत्येक भारतीय प्रवासी ज्याच्या पायऱ्यांवर फोटो काढतो तेच. त्यामागे राष्ट्राने प्रायश्चित्त घ्यावं ही भावना होती. आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी नाचघरं. १८८९ मध्ये मोपासाँची 'मुखवटा' ही कथा आली, त्याच वर्षी तिथे मूलाँ रूज उघडलं. वर प्रायश्चित्त, खाली मौज, मध्ये चालत जायला दहा-पंधरा मिनिटं.

आता ओफ्युल्स. खरं नाव माक्सिमिलियन ओपनहायमर. १९०२ साली जर्मनीत सारब्रुकेनला एका ज्यू कापड व्यापाऱ्याच्या घरी जन्म. वडिलांच्या नावाला कमीपणा नको म्हणून नाटकात जाताना नाव बदललं. १९३३ च्या फेब्रुवारीत जर्मन संसदेची इमारत जळाली आणि त्यानंतर लवकरच ते बायकामुलासह फ्रान्सला गेले. १९३८ मध्ये फ्रेंच नागरिक झाले. युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सैन्यात दाखल झाले, अल्जीरियन तिरायर पथकात, आणि नभोवाणीवरून जर्मन श्रोत्यांसाठी हिटलरविरोधी कार्यक्रमही केले. वय सदतीस-अडतीस, व्यवसाय सिनेमाचा. मी अशी भरती झालेली माणसं पाहिली आहेत. ती कवायतीत कच्ची असतात, पण आपण कशासाठी आलो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

१३ मे १९४० ला जर्मन रणगाडा दलाने म्यूज नदी ओलांडली. कुठे? पुन्हा सेदाँला. १४ जूनला पॅरिस पडलं. २० जूनला मार्शल पेताँ नभोवाणीवर बोलले. हे पहिल्या महायुद्धातले वेर्दाँचे वीर, वय चौऱ्याऐंशी, नुकतेच पंतप्रधान झालेले. पराभवाची कारणं सांगताना त्यांनी कमी मुलं, कमी शस्त्रं, कमी मित्रदेश ही यादी दिली, आणि त्याबरोबर आणखी एक कारण दिलं. त्याचा आशय असा की मागच्या विजयानंतर त्यागाच्या वृत्तीवर मौजेच्या वृत्तीने मात केली. लोकांनी मागितलं जास्त, दिलं कमी. यानंतरची चार वर्षं व्हिशी सरकारने हेच कारण घोटून घोटून पाजलं. काम, कुटुंब, पितृभूमी ही नवी घोषणा आली. सार्वजनिक नृत्यांना बंदी आली. ऑक्टोबर १९४० मध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा आला. ओफ्युल्स १९४१ मध्ये अमेरिकेला निसटले.

मंडळी, मी तीस वर्षांहून जास्त काळ वर्दी घातली आहे, म्हणून पेताँसाहेबांच्या या कारणावर थोडं बोलण्याचा हक्क मला आहे असं समजतो. १९४० मध्ये रणगाड्यांच्या संख्येत फ्रान्स जर्मनीपेक्षा कमी नव्हता. त्यातले बरेच पायदळाला थोडे थोडे वाटून टाकले होते. सगळ्यांत चांगली, चपळ फौज उत्तरेला बेल्जियम-हॉलंडकडे धाडली होती आणि मागे सांगण्यासारखा राखीव दस्ता ठेवला नव्हता. सरसेनापती गामलाँ ज्या किल्ल्यात बसले होते तिथे वायरलेस सेटसुद्धा नव्हता. आर्देनच्या जंगलातून शत्रू मोठ्या ताकदीने येणार नाही असं धरून चालले होते, आणि म्हणून सेदाँला दुय्यम दर्जाची, वयस्क राखीव शिपायांची डिव्हिजन ठेवली होती. आर्देनची बाजू धोक्याची नाही, असं १९३४ मध्ये सिनेटच्या समितीला कोणी सांगितलं होतं? तेव्हाच्या युद्धमंत्र्यांनी. त्यांचं नाव पेताँ.

आणि त्याग? सहा आठवड्यांत पन्नास हजारांहून जास्त फ्रेंच सैनिक मेले. नाचघरात जाणारी पोरंच होती ती.

हे सगळं मनात ठेवून आता सिनेमा बघा. ओफ्युल्स युद्धानंतर फ्रान्सला परत आले. ज्या देशाने मौजेला देशद्रोह ठरवलं होतं, त्या देशात, त्या भाषणानंतर बाराव्या वर्षी त्यांनी सिनेमा काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'मौज'. त्यांनी पेताँना उत्तर द्यायचं ठरवून हे केलं असं मी म्हणत नाही. पण मला तो सिनेमा मौजेच्या बाजूने मांडलेल्या बचावासारखा वाटतो. आणि चांगला वकील करतो तसं त्यांनी आपल्या अशिलाची खोटी स्तुती केलेली नाही.

मुखवट्याच्या गोष्टीत कॅमेरा त्या नाचणाऱ्याबरोबर असा गरगरतो की आपल्यालाच घेरी यावी. मग तो पडतो आणि सगळं थांबतं. मूळ कथेत बायको डॉक्टरला एक गोष्ट सांगते. नवऱ्याच्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला तेव्हा आधी तिला धक्का बसला, आणि मग आनंद झाला, वाईट पण मोठा आनंद. आता तरी बायका याला सोडतील. या एका केसात मोपासाँनी चाळीस वर्षांचा संसार ठेवला आहे. मी हा प्रसंग पाहिला तेव्हा माझ्या केसांना कलप होता. निवृत्तीनंतरही मेसमधल्या पार्टीला जाताना आम्ही लावतो, उगाच कशाला लपवू. शेजारी बसलेली आमची सौ. पडद्याकडे बघत राहिली, काही बोलली नाही. पुढच्या महिन्यापासून मी कलप बंद केला. तिने त्यावरही काही म्हटलं नाही, पण मला वाटतं तिच्या लक्षात आलं.

मादाम तेलिएच्या घरात ओफ्युल्सचा कॅमेरा एकदाही शिरत नाही. बाहेरून, भिंतीला लागून, खिडक्याखिडक्यांमधून डोकावत तो फिरतो. मी याचा अर्थ माझ्यापुरता असा लावतो. आत जाणारे गिऱ्हाईक असतात किंवा सरकारी माणूस असतो. ओफ्युल्सना दोन्ही व्हायचं नव्हतं.

सरकारी माणूस म्हणालो त्याला कारण आहे. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळापासून ही घरं पोलिसांच्या नोंदवहीत होती. बायकांची नावं नोंदवायची, ठरावीक दिवशी वैद्यकीय तपासणी करायची. यामागची एक मोठी काळजी फौजेच्या आरोग्याची होती. हे परक्यांचं म्हणून हसू नका. आपल्याकडे इंग्रजांनी १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा करून छावण्यांमध्ये हेच केलं. गोऱ्या पलटणींसाठी बाजारात बायका ठेवायच्या, त्यांची तपासणी करायची, आजारी निघाली तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायचं. १८८६ मध्ये तर लष्करी मुख्यालयातून परिपत्रक निघालं, बायका पुरेशा संख्येने आणि पुरेशा आकर्षक असाव्यात. ते इंग्लंडमध्ये छापून आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. ज्या छावण्यांत माझी उमेद गेली, त्यातल्या कितीतरी तेव्हाच्या आहेत. जुन्या नकाशांवर ती जागा दिसते. आम्ही तिथून रोज सकाळी पळत जायचो.

म्हणजे बघा, मौज पुरवायची व्यवस्था सरकारची, तीही फौजेच्या नावाने. आणि हार झाली की दोष मौजेचा. जर्मन ताब्यात असताना पॅरिसमधली काही घरं जर्मन अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. १३ एप्रिल १९४६ च्या कायद्याने फ्रान्समधली सुमारे चौदाशे घरं बंद झाली. सिनेमा १९५२ चा, म्हणजे ते घर तेव्हा इतिहासजमा होऊन सहा वर्षं झाली होती. ही घरं बंद झाली हे बरंच झालं असं माझं मत आहे. ओफ्युल्स त्यांची वकिली करत नाहीत. ते त्या बायकांना एक दिवस गाडीत बसवून खेड्यात नेतात, एवढंच.

खेड्यात पहिल्या रात्री त्या बायकांना झोप येत नाही. शांतता फार असते. दिवसभर माणसांच्या गोंगाटाची सवय झालेल्याला गाव किती शांत असतं हे सुट्टीवर घरी आलेल्या कुठल्याही जवानाला विचारा. ती लहान भाचीही त्या रात्री एकटी झोपू शकत नाही, रडते, आणि रोझा नावाची एक बाई तिला आपल्या कुशीत घेते. ज्या मुलीवर सकाळी पवित्र संस्कार व्हायचा आहे, ती रात्रभर वेश्येच्या छातीवर डोकं ठेवून झोपते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रोझाला स्वतःचं लहानपण आठवतं आणि ती हुंदके देऊ लागते. तिच्या शेजारच्या बायका रडतात, मग गावच्या बायका, मग पुरुष, मग सगळं चर्च. भोळ्या पाद्रीबाबांना वाटतं चमत्कार झाला. ते या पाहुण्या बायकांचे जाहीर आभार मानतात.

रोझाचं काम दानिएल दारिय या नटीने केलं आहे, भावाचं जाँ गाबाँ यांनी. परतीच्या वाटेवर गाडी थांबवून सगळ्या जणी शेतात रानफुलं तोडतात. संध्याकाळी परत घर उघडतं, दिवे लागतात, गावातले प्रतिष्ठित लोक येतात. कोणाचं आयुष्य बदलत नाही. ना कोणी सुधारतं, ना कोणाला शिक्षा होते. मोपासाँनी आणि ओफ्युल्सनी आपल्याला फक्त ती माणसं दाखवली, आणि नोंदवहीत ज्यांचं फक्त नाव आणि तपासणीची तारीख होती, त्या बायका रडताना कशा दिसतात ते दाखवलं.

तिसऱ्या गोष्टीत मात्र बिल पूर्ण भरावं लागतं. मॉडेल जिन्यावरून वर धावते तेव्हा कॅमेरा तिच्या डोळ्यांतून बघतो. पायऱ्या, दार, खिडकी आणि खाली. तो प्रसंग पाहून मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. शेवटी गोष्ट सांगणारा मित्र जे म्हणतो त्याचा मथितार्थ एवढाच की सुखी असणं म्हणजे हसतखेळत असणं नव्हे. मोपासाँना हे बिल ठाऊक होतं. त्यांना तरुणपणीच उपदंश झाला होता, आणि १८९३ मध्ये, त्रेचाळीस पूर्ण व्हायच्या आतच, पॅरिसच्या एका मानसोपचार रुग्णालयात ते वारले. मौजेची किंमत त्यांनी स्वतः मोजली. पण त्यांनी ती किंमत देशाच्या पराभवाच्या खात्यावर लिहिली नाही. माझ्या मते हा सगळा मुद्दा इथे आहे. माणसाच्या मौजेचा हिशेब माणसाकडे, आणि सेनापतीच्या चुकीचा हिशेब सेनापतीकडे.

आपण मराठी माणसं यात मागे नाही. पेशवाई का बुडाली असं बेळगावात विचारा, बडोद्यात विचारा, ग्वाल्हेरला विचारा. दहातले सात जण सांगतील, दुसऱ्या बाजीरावाच्या रंगेलपणामुळे. बाजीराव रंगेल होता, हे कोणी नाकारत नाही. पण १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरजवळ होळकरांची फौज एकीकडे आणि शिंदे-पेशव्यांची दुसरीकडे अशी लढाई झाली, ती लावणीमुळे नव्हे. त्यात हरलेला पेशवा पळाला आणि वर्षअखेरीस वसईच्या तहाने त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढच्या वर्षी असईला शिंदे-भोसले लढत असताना होळकर बाजूला राहिले. इंग्रजांचा शिपाई वेळेवर पगार घेत होता, आपल्या फौजांचे पगार थकत होते. यातलं एकही कारण बाजीरावाच्या शयनगृहात सापडत नाही. पण पगार, दळणवळण आणि सरदारांमधला बेबनाव ही कारणं कंटाळवाणी असतात. रंगेलपणाची गोष्ट रंगवून सांगता येते, आणि मुख्य म्हणजे तिने बाकीच्या सगळ्यांची सुटका होते.

आता माझा हिशेब.

१९८० च्या दशकाच्या शेवटी मी कॅप्टन होतो आणि एका कंपनीचा भार तात्पुरता माझ्याकडे होता. राजस्थानच्या वाळवंटात हिवाळी सराव चालू होता. आम्हाला रात्री चालून जाऊन पहाटे ठरल्या वेळी हल्ल्याच्या जागी पोचायचं होतं. आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. तोवर उजाडलं होतं आणि पंचांनी माझी अर्धी कंपनी 'मेली' असं जाहीर केलं. सराव होता म्हणून सगळे जण चहा प्यायला उठून आले. खरी लढाई असती तर उठले नसते.

आदल्या रात्री कंपनीत व्हीसीआर लावला होता. दोन पिक्चर. मध्यरात्र उलटून गेली होती. सगळी जमवाजमव आमच्या एका हवालदाराने केली होती, सातारकडचा गडी, पोरांचा लाडका. परवानगी मी दिली होती, पण तोंडी. चौकशीत मी लिहून दिलं की जवानांना पुरेशी विश्रांती मिळाली नव्हती आणि करमणुकीचा कार्यक्रम हवालदाराने लांबवला. दोन्ही वाक्यं खोटी नव्हती. पण उशीर त्याने झाला नव्हता. मी वेळेचा हिशेब पक्क्या जमिनीवरच्या चालीने केला होता. वाळूच्या टेकड्यांत चाल निम्मी होते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. दिवसा पुढे टेहळणी पाठवली असती तर पायांनाही कळलं असतं. ती मी पाठवली नाही. हे मी लिहिलं नाही.

त्याला रेड इंक एन्ट्री मिळाली. नायब सुभेदार व्हायची त्याची वेळ आली होती, ती गेली. हवालदार म्हणूनच तो पेन्शनवर गेला. मला पुढे बढत्या मिळत गेल्या. निरोपाच्या दिवशी त्याने मला सॅल्यूट केला, तो नेहमीसारखाच कडक होता.

'ल प्लेझीर' मी पहिल्यांदा पाहिला तो निवृत्तीनंतर. पेताँचं भाषण मला आधीपासून माहीत होतं, त्याच्यावर मी तरुण अधिकाऱ्यांपुढे व्याख्यानंही झोडली होती. दोष वर असतो आणि तो खाली ढकलला जातो, असं ठासून सांगितलं होतं. पण ते सांगताना मला वाळवंट कधी आठवलं नव्हतं. आठवलं ते चर्चमधला तो प्रसंग बघताना. सगळे रडतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही, तेव्हा.

त्याचा नंबर शोधायला दोन महिने लागले. मी फोनवर सगळं सांगितलं. वेळेचा हिशेब, टेहळणी, चौकशीतला कागद. आता लेखी काही दुरुस्त होण्याची मुदत केव्हाच संपली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं, साहेब. पोरांनापण माहीत होतं." मी काय बोलणार? मग तोच म्हणाला, "त्या रात्री पोरं लई हसली होती. त्यातली दोघं पुढं काश्मिरात गेली. तुम्ही व्हीसीआरला हो म्हणालात, ते बरं केलंत."

मंडळी, माझ्या वतीने माफी मी मागितली, ती त्याने दिली की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण यापुढे कोणी तुम्हाला सांगितलं की अमुक एक राष्ट्र चैनीमुळे बुडालं, अमुक पलटण नाचगाण्यामुळे हरली, तर सांगणारा कोण आहे ते आधी बघा. त्या दिवशी हुकूम कोणाचा होता, ते विचारा. नकाशा मागा.

'ल प्लेझीर' जमलं तर जरूर पाहा, जमलं तर दोघांनी मिळून. पुढच्या भागात आपण सेदाँचाच नकाशा उघडणार आहोत, १८७० आणि १९४० शेजारी शेजारी ठेवून. इंदूरच्या ताईंची आधीच क्षमा मागतो.

नमस्कार.